वाफेचा सातबारा

शाळेच्या भूगोलात जलचक्राचं एक चित्र असायचं. एका बाजूला समुद्र, वर जाणारे बाण, मग ढग, डोंगर, पाऊस आणि पुन्हा समुद्राकडे निघालेली नदी. डोंगरावर दोन-चार झाडंही असायची, पण ती शोभेला. त्यांच्यापासून बाण निघालेला मला तरी आठवत नाही.

खरं तर तो निघायला हवा. पानांवर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर झाडाला ती उघडावी लागतात, आणि उघडली की आतलं पाणी वाफ होऊन निसटतं. सौदा महागाचा आहे. कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे पाण्याचे काहीशे रेणू जातात. रानातलं एखादं मोठं झाड अशा रीतीने दिवसाला शेकडो लिटर पाणी हवेत सोडतं. शंभर लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 67 युनिट विजेइतकी ऊर्जा लागते. ती उन्हातून आणि आजूबाजूच्या हवेतूनच घेतली जाते. रानात गार वाटतं त्याचं सावली हे एकच कारण नाही.

मग ही वाफ जाते कुठे? ब्राझीलच्या एनेआस सालाती यांनी ॲमेझॉनच्या पावसात याचं उत्तर शोधलं. पाण्याच्या काही थोड्या रेणूंमध्ये जड ऑक्सिजन असतो. समुद्रावरून आलेला ढग आत आत जात बरसत राहिला, तर हे जड रेणू आधी पडून जातात आणि पुढचा पाऊस हलका होत जातो. ॲमेझॉनमध्ये तो अपेक्षेइतका हलका होत नव्हता. म्हणजे पडलेलं पाणी वाटेत कोणीतरी पुन्हा वर पाठवत होतं. 1979 साली सालाती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या हिशेबानुसार तिथला जवळपास निम्मा पाऊस जंगलाने परत फिरवलेला असतो. तिकडे आता या वाफेच्या प्रवाहांना 'उडत्या नद्या' म्हणतात.

हे सगळं मी वाचायला घेतलं ते एका फोनमुळे. संगमेश्वर तालुक्यात आमची थोडी जमीन आहे. शेतीची नाही, उताराची. ऐन, किंजळ, जांभूळ असं रान. सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातली नऊ मुंबई-पुण्यात. काकांनी फोन केला. तोडीसाठी ठेकेदार आलाय, सगळ्यांच्या सह्या लागतील. माझ्या वाट्याला येणारी रक्कम एका बऱ्या फोनच्या किमतीएवढी होती.

"अगं, झाडं काय, परत फुटतात," काका म्हणाले. "दहा-बारा वर्षांत रान पुन्हा उभं. आणि आत्ता घराचं छप्पर गळतंय, ते तुम्ही लोक येऊन बघणार आहात का?"

त्यांचं काहीही खोटं नव्हतं. ऐन-किंजळ बुंध्यापासून खरंच फुटतात. छप्परही खरंच गळतं. गावात राहून त्या जमिनीचा सारा भरणारे, वणवा लागला की धावणारे तेच. पुण्यात बसून झाडं वाचवा म्हणणं मला फार स्वस्त वाटत होतं.

पण आयआयटी मुंबईतल्या संशोधकांचा 2018 सालचा एक अभ्यास डोक्यातून जात नव्हता. पश्चिम घाटातल्या जंगलांतून उठलेलं बाष्प नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर पूर्वेला जातं आणि तमिळनाडूत पाऊस होऊन पडतं. ज्या वर्षी मान्सून कमजोर, त्या वर्षी तिथल्या या पावसात जंगलाचा वाटा 40 टक्क्यांपर्यंत जातो. त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. पावसाने उघडीप दिली की गवत लवकर सुकतं, पण मोठ्या झाडांची मुळं खोलवरचं पाणी ओढून वर पाठवत राहतात. म्हणजे समुद्राकडून पुरवठा कमी होतो तेव्हा जंगलाची शिल्लक कामाला येते.

त्याच 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने कावेरीचा निकाल दिला. कर्नाटकाने तमिळनाडूला दरवर्षी 177.25 टीएमसी पाणी सोडायचं, दशांशापर्यंत मोजून. हवेतून जाणाऱ्या पाण्याचा मात्र कोणी दावा लावलेला नाही. त्याला पात्र नाही, धरण नाही, लवाद नाही.

मान्सून झाडं आणत नाहीत, तो समुद्राकडूनच येतो. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि खाली वाईला हजाराच्याही आत, हा फरक डोंगराने पाडलेला आहे. झाडं करतात ते एवढंच, की आलेलं पाणी एकदा वापरून पुढच्याकडे सरकवतात. आमच्या उतारावरच्या ऐनाची वाफ कोणाच्या शेतात पडते, ते त्या शेतकऱ्याला कधीच कळणार नाही. तो आम्हाला पैसे देणार नाही, आणि आम्ही रान तोडलं तर भांडायलाही येणार नाही. सातबाऱ्यावर झाडांची नोंद होऊ शकते, वाफेची होत नाही.

काकांना मी हे सगळं सांगितलं नाही. टीएमसी आणि रेणू ऐकवून गळणारं छप्पर थांबत नाही. मी एवढंच म्हणाले, "काका, सही मी करणार नाही. पण छपराचा खर्च अकरा जणांत वाटू या, माझा वाटा मी आत्ता पाठवते."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बाकीच्यांना तूच फोन कर. मी नाही मागणार."

मी केले. पाच जणांनी लगेच पैसे दिले, दोघांनी दिवाळीनंतर बघू म्हटलं, एका चुलतभावाने 'तुला फार पर्यावरण झालंय' असं सुनावलं. ठेकेदाराने वहाळापलीकडचं दुसऱ्या कोणाचं तरी रान घेतलं. आमच्या घरावर निम्म्या भागात नवे पत्रे बसले आहेत. उरलेल्या निम्म्यासाठी काका पुढच्या मे महिन्यात पुन्हा विचारतील, आणि तेव्हा मला पुन्हा फोन करत बसावं लागेल.