पगाराचे वाटेकरी

'पगार' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला आणि त्या भाषेत त्याचा मूळ अर्थ 'देणे, चुकते करणे' असा आहे. आपण मात्र तो घेण्याच्याच अर्थाने वापरीत आलो. 'पगार झाला' असे म्हणताना खिशात काही आले, एवढाच भाव मनात असतो. त्या रकमेवर आपल्याखेरीज आणखी कोणाचा हक्क आहे, हा प्रश्न त्या घटकेस सुचणे कठीण. आम्ही तीस वर्षे पगारदार आहो. आम्हांसही तो सुचला तो स्वतःच्या पगारावरून नव्हे, दुसऱ्याच्या पगारावरून.

आमच्या एका सहकाऱ्यांचा संसार मोडला होता आणि मुलगा आईजवळ राहत असे. पोटगीचा हुकूम झालेला होता. ती थकली तेव्हा पगाराच्या जप्तीचा आदेश महाविद्यालयाच्या कचेरीत आला. गृहस्थ संतापून हेडक्लार्कांपुढे उभे राहिले. "पतपेढीची दोन कर्जे कापली जातात, घराचा हप्ता आहे, मोटारीचा आहे. आता उरले काय, म्हणून हे आणखी कापता?" हेडक्लार्क मितभाषी. ते इतकेच म्हणाले, "सर, पतपेढीच्या कागदावर आपलीच सही आहे. मुलाच्या वतीने सही कोण करणार? म्हणून ती कोर्टाने केली."

या उत्तरात कायद्याचे सार आले होते. १९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम ज्यांनी वाचले असेल त्यांस ते चटकन पटेल. सावकाराचा, बँकेचा किंवा दुकानदाराचा हुकूमनामा असेल तर पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग जप्तीपासून मुक्त राहतो. परंतु हुकूमनामा पोटगीचा असेल तर केवळ एक-तृतीयांश पगार मुक्त. ३१,००० रुपयांच्या पगाराचे उदाहरण घेऊ. सावकारास त्यातील १०,००० रुपयांपलीकडे हात घालता येत नाही. बायकामुलांसाठी मात्र २०,६०० रुपयांच्याही वर जप्ती पोहोचू शकते. शिवाय, एकाच हुकूमनाम्याखाली सामान्य घेणेकऱ्याची जप्ती एकूण २४ महिने चालली की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा सुटतो. ही सवलत पोटगीच्या कलमाला जोडलेली नाही. कर्ज दोन वर्षांत थकेल, पण मुलाची भूक दोन वर्षांत थकत नाही, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते असे दिसते.

जप्तीचा आदेश मिळाला की रक्कम कापून न्यायालयाकडे पाठविणे पगार देणाऱ्यावर बंधनकारक होते. त्याने ती कापली नाही आणि पूर्ण पगार हाती दिला, तर ती भरपाई त्याच्याच अंगावर येते. आधीच्या जप्तीत कापण्याजोगा भाग संपला असेल तर नंतरचा आदेश त्याने सर्व तपशिलासह न्यायालयास परत पाठवावयाचा असतो. म्हणजे जप्तीच्या दारात रांग असते, आणि जो आधी आला तो पुढे उभा राहतो.

येथेच खरी मेख आहे. सहकारी पतसंस्थेचे कर्ज घेताना सभासद कपातीचे संमतिपत्र लिहून देतो; महाराष्ट्राच्या १९६० सालच्या सहकारी संस्था कायद्यात तशी तरतूदच आहे. न्यायालयात न जाता, वकील न करता, ती कपात पुढच्याच महिन्यापासून सुरू होते. मुलाच्या आईस मात्र आधी पोटगीचा हुकूम मिळवावा लागतो, मग ती थकण्याची वाट पाहावी लागते, आणि मग दरखास्त द्यावी लागते. मोटारीचा हप्ता पहिल्या तारखेस चुकता होतो आणि शाळेची फी तारखांवर तारखा पाहत बसते. कर्जांचे हप्ते पुढे करून 'हाती काहीच येत नाही' ही सबब सांगितली जाते. स्वखुशीने काढलेल्या कर्जाने पोटगीची रक्कम कमी होऊ देऊ नये, असाच न्यायालयांचा सामान्य कल आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने पोटगीचा हक्क हा जगण्याच्या हक्काच्या बरोबरीचा मानला आणि थकलेल्या पोटगीस पतीच्या मालमत्तेवर बँकांच्या व इतर धनकोंच्या आधी स्थान दिले. तत्त्व निर्विवाद झाले. ते वेळेवर हाती पडणे राहिले.

ज्या देशात आपली पुष्कळ मुलेमुली आज संसार करीत आहेत, त्या अमेरिकेत या बाबतीत काय घडते ते पाहण्यासारखे आहे. तेथे १९६८ च्या कायद्याने सामान्य घेणेकऱ्यास, करादी सक्तीच्या कपाती वजा जाता उरणाऱ्या वेतनाच्या पंचवीस टक्क्यांपलीकडे जाता येत नाही. मुलांच्या पोषणासाठी मात्र हीच मर्यादा पन्नास टक्के आहे. दुसरे कुटुंब पोसावयाचे नसेल तर साठ, आणि बारा आठवड्यांहून जुनी थकबाकी असेल तर आणखी पाच. मुलाचा वाटा पंचवीस टक्क्यांवर गेला की सामान्य सावकारास काहीच उरत नाही. पण आम्हांस याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. १९८८ साली त्यांनी ठरविले, आणि १९९४ पासून नव्या हुकुमांना सरसकट लागू केले, की पोषणाची रक्कम थकण्याची वाट न पाहता पहिल्यापासूनच वेतनातून कापावी. अपवाद आहेत; पण ते न्यायालयास पटवून किंवा उभय पक्षांच्या लेखी करारानेच मिळतात.

एक आक्षेप रास्त आहे. एक-तृतीयांश पगारावर माणसाने जगावे कसे? त्याची म्हातारी आई असेल, दुसरा संसार असेल. अमेरिकन कायदा दुसऱ्या कुटुंबाचा आकड्यांतच विचार करतो. आपल्या साठाव्या कलमात तसा भेद नाही, ती तोलणी पोटगी ठरविताना न्यायाधीशाने करावयाची. तसेच सामान्य कर्जदाराच्या वाट्याचे ते १,००० रुपये २००२ पासून तेवढेच आहेत. आज त्यांत एका कुटुंबाचा आठवडाही निघत नाही. हे दोन्ही दोष दुरुस्त व्हावेत असे आमचे मत आहे. परंतु ते दोष मुलाच्या माथी मारता येत नाहीत.

आपल्या परंपरेस हा क्रम नवा नाही. वृद्ध मातापिता, पत्नी आणि अजाण मूल यांचे पोषण शंभर अकार्ये करूनही करावे, असे एक वचन धर्मशास्त्रकार मनूच्या नावाने देत आले. आमच्या भाषेने तर 'पोटगी' हा शब्दच पोटावरून घडविला. सावकाराच्या देण्यास तिने असे नाव कधी दिले नाही.

तेव्हा आमचे मागणे मोठे नाही. आजच्या पगारपत्रकात आयकराचा रकाना असतो, भविष्यनिर्वाह निधीचा असतो, पतपेढीचा असतो. ज्याच्यावर पोटगीचा हुकूम झाला असेल त्याच्या पत्रकात पहिल्याच महिन्यापासून आणखी एक रकाना असावा, आणि तो पतपेढीच्या आधी असावा. त्याने वडिलांस तुरुंग दिसणार नाही, आईस न्यायालयाचे जिने चढावे लागणार नाहीत, आणि मुलास आपले जेवण कोणत्या दरखास्तीतून आले हे कळण्याचे कारण उरणार नाही.