वर घातलेली कोथिंबीर

भाजी घेऊन झाली, पैसे देऊन झाले, की भाजीवाली पिशवीत वर चार काड्या कोथिंबिरीच्या टाकते. या चार काड्यांचे आम्हा बायकांना मूळ भाजीपेक्षा अप्रूप. विकत घेतलेल्या जुडीला तो स्वाद येत नाही. चित्रपटांच्या तबकड्यांनाही अशी वर घातलेली कोथिंबीर असते, हे मला माझ्या धाकट्या मुलाने शिकवले. चित्रपट असतो दीड-दोन तासांचा. पण त्याच्या जोडीला मुलाखती, जाणकारांचे भाष्य, चित्रीकरणाच्या वेळची छायाचित्रे, जुन्या जाहिराती असा बराच ऐवज त्याच तबकडीवर भरलेला असतो. याला 'बोनस फीचर्स' म्हणतात. आता सगळे जग मोबाईलवर चित्रपट पाहते. तबकडी विकत घेणारा माणूस शोधावा लागतो. धाकटा त्या शोधाव्या लागणाऱ्यांपैकी. पुण्याला चित्रपट-रसास्वादाच्या शिबिराला जाऊन आल्यापासून त्याने हे वेड घेतले आहे. या तबकड्यांनाही मुलूख असतात म्हणे. अमेरिकेची ब्लू-रे 'ए' मुलुखातली, आपला देश 'सी'त. तिकडची तबकडी आपल्या यंत्रात घातली तर यंत्र तोंड फिरवून बसते. म्हणून त्याने सगळ्या मुलुखांना मानणारे एक यंत्र आणले आणि ते ठेवायला जागा सापडली ती माझ्या खोलीत. आपसूक मी प्रेक्षक झाले.

त्या यंत्रावर पाहिलेल्या चित्रपटांपैकी एक मनातून जात नाही. त्याचे नाव 'पीपिंग टॉम'. इंग्लंडात कॉव्हेंट्री गावाची एक दंतकथा आहे. गावाचा कर माफ व्हावा म्हणून तिथली राणीसारखी बाई, लेडी गोडायव्हा, विवस्त्र होऊन घोड्यावरून गावातून गेली. साऱ्या गावाने दारे-खिडक्या लावून घेतल्या. एका टॉमने तेवढे फटीतून पाहिले आणि त्याची दृष्टी गेली. तेव्हापासून चोरून पाहणाऱ्याला इंग्रजीत हे नाव पडले.

चित्रपट १९६० सालचा, लंडनमधला, रंगीत. त्यातला मार्क हा स्टुडिओत कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा लाजाळू, गोरागोमटा तरुण. बोलतो इतका हळू, की त्याला कोणी जेवायला थांबवून घ्यावे. हा तरुण बायकांना मारतो आणि मारताना त्यांचे चित्रण करतो. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याच्या एका पायात पाते लपवलेले आहे, हे आपल्याला लवकर कळते. कॅमेऱ्याला एक आरसाही लावलेला आहे, हे मात्र शेवटाकडे कळते. मरणाऱ्या बाईला त्या आरशात स्वतःचाच भ्यालेला चेहरा दिसत राहतो. रक्त फारसे दिसत नाही. तरी मी दोनदा धाकट्याला म्हटले, "बंद कर रे." दोन्ही वेळा त्याने हात पुढे केला, तेव्हा मीच म्हटले, "असू दे."

कारण खरी भीती त्या पात्यात नव्हती. ती मार्कच्या बालपणात होती. त्याचा बाप शास्त्रज्ञ, भीतीचा अभ्यास करणारा. अभ्यासाला पोटचा पोर घेतला. रात्री झोपलेल्या पोराच्या अंगावर दिव्याचा झोत टाकायचा, अंथरुणात पाल सोडायची, आणि तो दचकला, रडला, की त्याचे चित्रण करायचे. आई मेली तेव्हा तिच्या उशाशी उभ्या असलेल्या पोराचेही चित्रण केले. घरभर आवाज टिपण्याची सोय. मोठेपणी मार्क तळमजल्यावरच्या हेलनला सांगतो, की लहानपणी एक क्षणही मला एकट्याचा असा मिळाला नाही. बापाने त्याला पुढे भेट दिली तीही कॅमेऱ्याचीच.

या चित्रपटाचा दिग्दर्शक मायकेल पॉवेल हा लहानसहान माणूस नव्हता. एमेरिक प्रेसबर्गर या सोबत्याबरोबर त्याने 'द रेड शूज' काढला होता. आपल्या हिमालयात घडणारा 'ब्लॅक नार्सिसस' १९४७ साली हिमालयात पाऊलही न ठेवता इंग्लंडातल्या स्टुडिओत उभा केला होता. असा नावाजलेला माणूस चोपन्नाव्या वर्षी हे काय घेऊन आला, म्हणून लंडनची वर्तमानपत्रे एप्रिल १९६० मध्ये त्याच्यावर तुटून पडली. हा चित्रपट फावड्याने उचलून गटारात लोटून द्यावा, अशा अर्थाचे एका टीकाकाराने लिहिले. वितरकांनी घाबरून तो थोड्याच दिवसांत थिएटरांतून काढून घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हिचकॉकचा 'सायको' लंडनला लागला. त्यातही लाजाळू तरुण, त्यातही खून; पण हिचकॉक पक्का. त्याने टीकाकारांना आधी खेळ दाखवलाच नाही. त्याच्या दारी रांगा लागल्या आणि पॉवेलला मायदेशात मोठे काम मिळणे जवळजवळ थांबले. पुढे दोन चित्रपट त्याने ऑस्ट्रेलियात जाऊन काढले.

आता कोथिंबीर. पहिली काडी मार्टिन स्कॉर्सेसीची. या अमेरिकन दिग्दर्शकाने १९७९ साली हा गाडलेला चित्रपट न्यूयॉर्कला पुन्हा दाखवण्यासाठी खटपट केली. त्याच्या चित्रपटांची संकलक थेल्मा स्कूनमेकर. तिने पुढे १९८४ साली म्हाताऱ्या पॉवेलशी लग्न केले. १९९० मध्ये तो गेल्यावरही ती त्याच्या चित्रपटांची देखभाल करीत राहिली. तबकडीवर ती बोलते तेव्हा वाटते, नवऱ्याचे कागद नीट लावून ठेवणाऱ्या आपल्याकडच्या बायका अशाच बोलतात. दुसरी काडी लॉरा मल्व्ही या विदुषीच्या भाष्याची. चित्रपटाचा डोळा बहुतेक वेळा पुरुषाचा असतो आणि बाई ही पाहायची वस्तू होते, असे या बाईंनी १९७५ साली एका निबंधात मांडले होते. चित्रपट चालू असताना त्यांचा आवाज शेजारी बसल्यासारखा सोबत करतो.

तिसरी काडी मला सगळ्यांत प्रिय. चित्रपटाचा लेखक लिओ मार्क्स याच्यावर १९९७ साली केलेला माहितीपट. हा लंडनच्या ८४, चेअरिंग क्रॉस रोडवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराचा मुलगा. हेलीन हॅन्फच्या पुस्तकामुळे ते दुकान पुढे जगभर ओळखले गेले. दुसऱ्या महायुद्धात हा पोरसवदा लिओ गुप्त संदेशांच्या लिप्या तयार करीत असे. शत्रूच्या मुलखात उतरणाऱ्या हेरांना रेशमावर छापलेल्या लिप्या देऊन तो निरोप देई. त्यांतले कित्येक परत आले नाहीत. तिकडून येणारे संदेश कधी घाबऱ्या हातांनी चुकीचे लिहिलेले असत. पुन्हा पाठव म्हणून सांगायची सोय नसे. पुन्हा पाठवताना तो पकडला जायचा. म्हणून इथेच बसून, हजार प्रकारे जुळवून, ते संदेश सोडवावे लागत. भ्यालेल्या माणसाचे अक्षर वाचण्यात ज्याची तरुणपणाची वर्षे गेली, त्याने भीतीवर चित्रपट लिहिला, यात नवल ते काय?

आणखी एक गोष्ट या चित्रपटाच्या इतिहासात हटकून येते. मार्कच्या घरातल्या त्या जुन्या चित्रफितींत जो बाप दिसतो, ते काम पॉवेलने स्वतः केले. आणि जो रडणारा मुलगा दिसतो, तो त्याचा स्वतःचा मुलगा, कोलम्बा. बाप मुलाच्या भीतीचे चित्रण करतो, असे चित्रण बापाने मुलाला घेऊन केले! हे कळल्यावर मी धाकट्याला यंत्र थांबवायला लावले. पॉवेल दुष्ट होता असे मला वाटले नाही. उलट वाटले, की प्रेम असल्याखेरीज कोणी आपल्या मुलाला असे शेजारी उभे करणार नाही. तेच तर अवघड आहे.

याच सुमारास आमच्या घरी नातीचे कान टोचायचे ठरले. तान्हेपणी राहून गेले होते. आता ती साडेतीन वर्षांची. कान टोचताना मामाच्या मांडीवर बसायचे, पण मामा बंगळूरला. तो मोबाईलवरच हजर झाला. तेव्हा मांडी माझी. सोनार आले, सोन्याची तार काढली, कानाच्या पाळीवर शाईचे ठिपके दिले. समोर माझा मुलगा, सूनबाई आणि शेजारची एक हौशी मुलगी, असे तिघे मोबाईल रोखून उभे. चौथ्यात मामा. नात मांडीवर असल्यामुळे तिला जे दिसत होते तेच मला दिसत होते. तिला एकही चेहरा दिसत नव्हता. चेहऱ्यांच्या जागी काळे चौकोन होते. तार गेली, तिने किंकाळी फोडली आणि चौकोनांमागून लाडाचे हसणे आले. तासाभरात त्या किंकाळीवर नागपूरच्या मावशीपासून न्यू जर्सीच्या काकांपर्यंत सर्वांची हसरी तोंडे येऊन पोचली.

इथवर मी काही बोलले नसते. पण दुसऱ्या दिवशी नात आईला म्हणाली, "मी कशी रडले ते दाखव ना." दाखवले. ती डोळे विस्फारून स्वतःचा चेहरा पाहत राहिली. पुन्हा दाखव म्हणाली. तिसऱ्या वेळी तिचा ओठ बाहेर आला, पण ती पडद्यावरून नजर हलवीना. मला तो आरसा आठवला.

रात्री मी सूनबाईंना म्हटले, "तिच्या रडण्याचे चित्र नको काढत जाऊ."

त्या शांतपणे म्हणाल्या, "आई, तुमच्याकडे यांच्या लहानपणाचे तीन फोटो आहेत. त्यांतल्या एकात हे पाठमोरे आहेत. मी सकाळी आठला घर सोडते. ती दिवसभर काय करते ते मला दिसतच नाही. जे मिळते ते ठेवते. पुढे कधी तरी निवांत पाहीन."

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. ती तीन छायाचित्रे मी स्वतः किती वेळा पाहते! त्या शास्त्रज्ञ बापाला मुलाच्या भीतीतून ज्ञान हवे होते. या आईला नुसती मुलगी हवी होती. दोघांना एका मापाने मोजणे हा अन्याय. पण साडेतीन वर्षांच्या जिवाला हा फरक कसा कळावा? तिला समोर चौकोनच दिसतो. बोलता बोलता आमचे एवढे ठरले: हसणे हवे तेवढे टिपावे, नागपूर-न्यू जर्सीला धाडावे, रडू आले की मोबाईल खाली. सूनबाई म्हणाल्या, "प्रयत्न करीन, सवय आहे हो." मला तो होकार खरा वाटला.

लंडनच्या एका टीकाकार बाईंची हकिगत सांगून थांबते. डिलिस पॉवेल त्यांचे नाव. दिग्दर्शकाशी नाते काही नाही. १९६० साली त्यांनीही या चित्रपटाला झोडपले होते. १९९४ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांनी त्याच वर्तमानपत्रात लिहिले, की ही श्रेष्ठ कलाकृती आहे. परलोकात बोलण्याची मुभा असेल तर मायकेल पॉवेलला गाठून माफी मागणे मी माझे कर्तव्य समजेन. तो जाऊन चार वर्षे झाली होती. चौतीस वर्षांनी एखाद्या चित्राकडे पुन्हा पाहावे आणि तसे छापून सांगावे, याला मोठे मन लागते. आमच्या नातीला तिची चित्रे चौतीस वर्षांनी काय सांगतील, ते पाहायला मी नसेन.

चित्रपट संपतो तेव्हा पडदा काळा होतो आणि जुन्या फितीवरून त्या लहान मुलाचा आवाज येतो. तो बापाला म्हणतो, की माझा हात धर.

परवा नात जिन्यावरून घसरली. मी आत चकल्या तळत होते. सूनबाई जवळ होत्या आणि त्यांच्या हातात मोबाईल होता, एवढे मला दारातून दिसले. पुढचे दिसले नाही. कढईतून नजर काढता येईना. पण रडणे एरवीपेक्षा लवकर थांबले.