मामूंचे कान

पवनारला धामच्या पुलाजवळ मामूंचं दुकान. तिथं बसून त्यांनी चाळीस वर्षं खर्रा घोटला. मग जिभेच्या मुळाशी गाठ निघाली.

डॉक्टर म्हणाले, सात आठवडे रेडिएशन आणि सोबत केमो. दोन्ही एकदम कशाला? मी शाळामास्तर, विचारल्याशिवाय राहवेना. तर म्हणे, किरणांनी मोडलेली पेशी स्वतःला सांधू बघते. केमो तिला सांधू देत नाही.

नेहमीचं औषध सिस्प्लॅटिन, पण ते किडनी आणि कानांना बाधतं. मामूंना आधीच कमी ऐकू यायचं. ते म्हणाले, "मुंह तो गया, कान तो रहने दो."

सिस्प्लॅटिन न चालणाऱ्या अशाच ३५६ रुग्णांवर टाटा मेमोरियलनं डोसेटॅक्सेल तपासलं होतं. निकाल २०२३ मध्ये छापून आला. नुसत्या किरणांवर दोन वर्षांनी सुमारे ४२ टक्के जिवंत होते, औषध जोडल्यावर ५१. परीक्षेत नऊ टक्क्यांना मी किरकोळ म्हणालो असतो. त्याची किंमतही आहे: तोंड जास्त सोलवटतं.

मामूंना तेच औषध सुरू झालं, दर आठवड्याला थोडं. तिसऱ्या आठवड्यात पाणीही गिळेना, नाकातून नळी घातली. मामी म्हणाली, यंदा रोजे माफ. (खर्रा मात्र तिनं अजून माफ केलेला नाही.)

काल नळीतून दूध सोडताना ती पाठ वळवून खर्र्याला शिव्या पुटपुटत होती. मामू घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सुन रहा हूँ."