काट्यांचे स्वभाव

भिंतीवरचं जुनं घड्याळ खोलून विमानाचा अल्टिमीटर करता येईल, असं सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं आणि सगळे एकाच आकड्यावर अडतात. घड्याळाचा मोठा काटा बारा फेरे मारतो तेव्हा लहान काट्याचा एक फेरा होतो. अल्टिमीटरला हे प्रमाण दहाला एक लागतं. लांब काट्याचा फेरा हजार फुटांचा, आखूड काट्याचा दहा हजारांचा आणि तिसऱ्या बारीक काट्याचा लाखाचा. घड्याळाची चक्रं बाद.

उद्यमनगरात ज्या पोरानं मला पितळी गिअर कापून दिले, त्याला हा हिशोब काही पटेना. "काका, घड्याळाला बारा लागतात की ओ. दहाचं करून किती वाजले ते कळायचं कसं?" वेळ नाही, उंची बघायची आहे, असं म्हटल्यावर त्यानं एकदा माझ्याकडे आणि एकदा शेडच्या पत्र्याकडे पाहिलं आणि निम्मे पैसे आगाऊ मागितले. गिअर मात्र असे कापले, की बोटानं फिरवले तर दाताला दात लागल्याचं कळतही नाही.

कोल्हापुरात घराच्या वरच्या खोलीत मी सेसना १७२ या विमानाचं कॉकपिट बांधतो आहे. हे विमान पहिल्यांदा उडालं १९५५ साली. तेव्हापासून ४४,००० हून अधिक बांधली गेली. दुसऱ्या कुठल्याच विमानाची संख्या एवढी नाही. त्यामुळे मापं आणि पुस्तकं मुबलक मिळतात. पॅनेलवरच्या मुख्य यंत्रांची भोकं सव्वातीन इंचांहून जराशी लहान, तीन पूर्णांक एक अष्टमांश इंच. वेगाच्या डायलवर पांढरी पट्टी ४० ते ८५ नॉट, हिरवी ४८ ते १२९, त्यापुढे पिवळी आणि १६३ वर लाल रेघ. हे सगळं फ्लेक्सवाल्याकडून मॅट विनाइलवर छापून घेता येतं. छापणारा एवढंच विचारतो, "फोटो कुणाचा टाकायचा?"

आता काटे. इथं दोन पंथ आहेत. एक पंथ म्हणतो, भोकं पाडलेल्या पॅनेलच्या मागे एक मोठा पडदा ठेवा आणि त्या भोकांतून चित्रातले काटे फिरू द्या. स्वस्त, सोपं, आणि उड्डाणाची पद्धत शिकायला पुरेसं. त्याला मी नावं ठेवणार नाही. पण चित्रातला काटा डायलच्या पातळीवरच असतो. खरा काटा डायलपासून दोन-तीन मिलिमीटर वर असतो आणि डोकं हलवलं की तोही आकड्यावरून थोडा सरकतो. ज्याची हयात यंत्रं वाचण्यात गेली त्याला हे लगेच खटकतं. मी साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट सेक्शनला होतो. बॉयलरचे प्रेशर गेज, पॅनचे व्हॅक्यूम गेज, हंगाम सुरू होण्याआधी एकेक उतरवून तपासायचं, हेच काम. त्यामुळे दुसरा पंथ माझ्या नशिबी आधीच लिहिलेला होता.

वेगाच्या काट्याला गाड्यांच्या स्पीडोमीटरमधली छोटी स्टेपर मोटर चालते. ती ३१५ अंश फिरते आणि एका पावलाला एक तृतीयांश अंश सरकते. वीज गेली की आपण कुठे होतो हे मोटर विसरते, म्हणून चालू होताना तिला आधी मागच्या अडणीपर्यंत नेऊन टेकवायचं आणि तिथून मोजायला लागायचं. अल्टिमीटरचा काटा गोल गोल फिरतच राहतो, त्याला अडणी नाही. त्याच्या चक्राला एक बारीक भोक आणि भोकासमोर प्रकाशाचा सेन्सर. या सगळ्यांच्या मागे एक अर्डुइनो. सिम्युलेटरचं सॉफ्टवेअर सेकंदाला वीस-पंचवीस वेळा आकडे पाठवतं आणि अर्डुइनो ते काट्यांपर्यंत पोहोचवतो. ही वायरिंग जमायला वेळ लागतो, पण ती जमते. त्यात फारसं सांगण्यासारखं नाही.

सांगण्यासारखं पुढे आहे. माझी पुतणी वैमानिकाचं प्रशिक्षण घेते, याच विमानावर. सुट्टीला आली तेव्हा तिला खुर्चीत बसवलं. तिनं योक ओढलं, नाक वर घेतलं आणि चढ-उताराच्या काट्याकडे, व्हीएसआयकडे, पाहत म्हणाली, "काका, तुमचा व्हीएसआय फार शहाणा आहे. आमचा एवढ्या लवकर उत्तर देत नाही."

तिचं बरोबर होतं आणि कारण मला पाठ होतं. या यंत्रात पातळ धातूची एक पोकळ डबी असते. बाहेरच्या हवेचा दाब डबीच्या आत थेट पोहोचतो, पण डबीभोवतीच्या बंद घरात तो एका सूक्ष्म छिद्रातून सावकाश झिरपतो. विमान चढतं तसा डबीतला दाब आधी उतरतो, घरातला मागून. या दोन दाबांतला फरक काटा दाखवतो. झिरपणं स्थिरावल्याशिवाय आकडा खरा होत नाही, आणि त्याला सहा ते नऊ सेकंद लागतात. कारखान्यात गळती शोधण्यात माझं आयुष्य गेलं. इथं मोजून ठेवलेली गळती हेच यंत्र आहे.

सॉफ्टवेअरमध्ये मात्र हवेचा दाब, चढण्याचा वेग, सगळं अचूक ठाऊक असतं. मी थेट तो खरा वेग उचलून काट्याला देत होतो. ज्या आकड्यात यंत्राचा उशीर आधीच मिसळलेला असतो, तो आकडा वेगळा असतो. तो घेतला की काटा शहाण्याचा माणूस झाला. त्यावर मोटरचा अडखळा लपवण्यासाठी मी काट्याची चाल मऊ केली, म्हणजे दर वेळी उरलेल्या अंतराचा ठरावीक हिस्साच त्याला चालू द्यायचा. तेव्हा उशिरावर उशीर चढला आणि काटा आळशी झाला. मग मऊपणा फक्त इतका ठेवला, की पावलं दिसू नयेत.

या कामाचा माझा एकच नियम त्यातून झाला. काट्यात चूक दिसली की आधी विचारायचं, ही कुणाची? विमानाची असेल तर ती जपायची, मुद्दाम घालायची. माझी असेल, म्हणजे गिअरच्या दातांतली ढिलाई, मोटरची टकटक, चिकटलेली बेअरिंग, तर ती काढायची. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. काटा मागे राहिला एवढंच दिसतं. का राहिला, ते पाहणाऱ्याला कळत नाही, पण उडवणाऱ्याच्या हाताला कळतं.

दिशेच्या जायरोचं उदाहरण घ्या. आत वेगानं फिरणारं चाक आपली दिशा धरून ठेवतं, पण खालची पृथ्वीच फिरते. ध्रुवावर त्यामुळे तासाला पंधरा अंशांची तफावत पडते, विषुववृत्तावर शून्य, आणि कोल्हापूरच्या अक्षांशावर सव्वाचार अंशांच्या आसपास. बेअरिंगचं घर्षण त्यात आणखी भर घालतं. म्हणून वैमानिक दर पंधरा मिनिटांनी विमान सरळ आणि समपातळीत ठेवून जायरो होकायंत्राशी जुळवून घेतो. माझ्या पॅनेलवर जायरो नाही, एक मोटर आहे आणि तिला पृथ्वीचं काही देणंघेणं नाही. तरी मी ती तफावत घातली, अक्षांशाप्रमाणे बदलणारी. लोहगावहून गोव्याला जाताना जायरो जुळवायची सवय हाताला लागत नसेल, तर पॅनेलवर ते बटण बसवलं कशाला?

या खेळाचा मूळपुरुष एडविन लिंक. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो करायचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये हवा खेळवणारे भाते त्यानं लाकडी विमानाच्या पोटाखाली लावले. नाटक कंपनीतल्या पायपेटीचं तंत्र घेऊन कुणी उडायला शिकवावं, तसला प्रकार. ते १९२९ साल. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला लाँग आयलंडच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटलनं झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, बाहेर काहीही न पाहता, निव्वळ यंत्रांवर विमान उडवलं आणि उतरवलं. स्पेरीचं कृत्रिम क्षितिज आणि कोल्समनचा अल्टिमीटर त्याच्यासमोर होता. (आपल्याकडे त्याच वर्षी फेब्रुवारीत जेआरडी टाटांना देशातला पहिला वैमानिक परवाना मिळाला.) लिंकच्या खोक्याकडे सुरुवातीला फारसं कुणी फिरकलं नाही. १९३४ मध्ये अमेरिकन लष्करानं टपालाची विमानं चालवायला घेतली, खराब हवेत वैमानिक मेले, आणि मग लष्करानं सहा खोकी विकत घेतली.

त्या खोक्यात झाकण बंद केलं की बाहेरचं काहीच दिसत नसे. शिकवत होते ते काटे. आज घरी कॉकपिट बांधणारे बहुतेक जण आधी तीन मोठे पडदे घेतात, मग ढगांची चित्रं अधिक सुंदर करणारं कार्ड, आणि पैसे उरले तर यंत्रं. मला हा क्रम उलटा वाटतो. असो, पैसे त्यांचे.

काट्यांनी शिकवायचा खरा धडा म्हणजे व्हॅक्यूम जाणं. जुन्या सेसनामध्ये कृत्रिम क्षितिज आणि दिशेचा जायरो इंजिनच्या पंपानं ओढलेल्या हवेवर फिरतात. त्याचा गेज पाऱ्याच्या इंचांत असतो, साडेचार ते साडेपाच. साखरेच्या पॅनचा गेजही इंचांतच असतो, फक्त तिथं आकडा कितीतरी मोठा. पंप बंद पडला तरी क्षितिज लगेच कोसळत नाही. चाक हळूहळू मंदावतं आणि क्षितिज इतकं सावकाश कलतं, की वैमानिक त्याच्या मागोमाग विमान कलवत जातो. शेजारचा वळणाचा काटा विजेवर चालतो, तो खरं सांगत असतो. त्याच्याकडे बघायचं सुचलं पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये हा बिघाड आधीच लावून ठेवता येतो. पण माझी मोटर कलताना पावलापावलानं सरकली किंवा बारीक गुरगुरली, तर समोरच्याला आधीच सुगावा लागतो. खऱ्या क्षितिजाचा बिघाड मुका असतो. मोटरला रबरावर बसवणं, ड्रायव्हर बदलून एका पावलाचे सोळा भाग करणं, हा सगळा खटाटोप त्या एका फसवणुकीसाठी. पुतणीच्या वेळी मी पंप न सांगता बंद केला. तिनं ओळखलं, पण ढगात बऱ्यापैकी डावीकडे वळून झाल्यावर. नंतर बराच वेळ ती वळणाच्या काट्याकडेच बघत होती.

योकबद्दल थोडक्यात. स्प्रिंगचं योक नेहमी मध्यावर येऊ पाहतं, वेग कितीही असो. खऱ्या विमानात हाताला लागणारा जोर वेगाबरोबर बदलतो आणि ट्रिम फिरवला की नाहीसा होतो. मोटरनं उलटा जोर देणारं योक करता येतं, पण ते माझ्या खिशापलीकडचं आहे. तेवढ्यापुरतं माझं विमान खोटं आहे. या खुर्चीतला एकही तास कुणाच्या लॉगबुकात धरला जात नाही, हेही पुतणीला आधीच सांगून ठेवलं होतं.

सगळ्यात शेवटी राहिलं होकायंत्र. खरं आणून लावणं सोपं, पण ते खोलीतली उत्तर दाखवणार. पडद्यावर विमान पूर्वेला वळो की पश्चिमेला, ते आपलं पंचगंगेकडे बोट करून बसणार. म्हणून इथंही सोंगच हवं, आणि सोंगात त्याचे सगळे दोष हवेत. उत्तरेकडून वळायला लागलं की क्षणभर मागे राहणं, दक्षिणेकडून वळताना पुढे धावणं, पूर्व-पश्चिम जाताना वेग वाढवला की उगाच उत्तरेला झुकणं. पृथ्वीचं चुंबकत्व जिथं जमिनीत जास्त खोल झुकतं तिथं हे दोष मोठे. आपल्याकडे सौम्य, नॉर्वेत ठसठशीत.

त्यावर चकती द्रवात डुलायला हवी. मोटरला थेट जोडली तर ती डुलत नाही, नुसती फिरते. म्हणून चकती तेलानं भरलेल्या बरणीत तरंगत ठेवली, तिला खाली दोन बारीक चुंबकं चिकटवली आणि बरणीबाहेरून मोटरवरचं तिसरं चुंबक तिला ओढतं. तेल फार दाट झालं की चकती मागे रेंगाळते, पातळ झालं की थांबायचं नाव घेत नाही. आता डुलणं छान जमलं आहे. फक्त पडद्यावर विमान कुठल्याही दिशेला असो, चकती दर वेळी अगदी थोडीशी पंचगंगेच्या बाजूला ओढली जाते. ही चूक विमानाची नाही आणि माझीही नाही, कोल्हापूरची आहे. पुतणी म्हणते, राहू द्या, काका. मी मोटरसाठी जास्त ताकदीचं चुंबक मागवलं आहे.