शनिवारचा निरोप

गेल्या मे महिन्यात पुतणीच्या पदवीदान समारंभासाठी आम्ही उभयता अमेरिकेस गेलो होतो. झगे-टोप्यांचा तो सोहळा रीतसर पार पडला. त्याविषयी लिहावे असे फारसे नाही. मनात राहिला तो त्याआधीच्या शनिवारी ज्यू विद्यार्थ्यांच्या 'हिलेल' केंद्रात तिला मिळालेला निरोप.

आपल्या घरची मुलगी तेथे कशी, हा प्रश्न वडीलधाऱ्यांनी दोन वर्षे विचारला. उत्तर स्वयंपाकघरात होते. १९२३ साली इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेली ही संस्था आज शेकडो विद्यापीठांत आहे, आणि अनेक ठिकाणी तिचे स्वतःचे भोजनगृह असते. कोशेर नियमानुसार दूध व मांस एकत्र येत नाही, भांडी-चमचेही वेगळे. अंडी, मासे आणि कंदमुळे मात्र तिला विचारूनच टाळावी लागत. पण विचारले म्हणून तेथे कोणी हसले नाही. खाण्याचे नियम पाळणाऱ्यांनाच दुसऱ्याच्या नियमांची किंमत कळते, असे माझे मत आहे.

शब्बाथच्या मेणबत्त्या शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी सुमारे १८ मिनिटे लावतात. पर्युषणात पुतणीचा चौविहार असे. मैत्रिणींचे लक्ष सूर्याकडे शब्बाथ सुरू करण्यासाठी, हिचे जेवण आटोपण्यासाठी! मेणबत्त्या लागण्याआधी तिचे ताट वाढून तयार असे.

शब्बाथात व्यवहार नाही, पैशाला स्पर्श नाही, लेखणीही नाही. कोकणातील तेल गाळणाऱ्या बेने इस्राएलांना याच पाळणुकीमुळे 'शनिवार तेली' म्हणत. साऱ्या नोकरीभर खतावण्या तपासणाऱ्या मला ही साप्ताहिक टाळेबंदी फार मानवली.

शनिवारी आकाशात तारे दिसल्यावर 'हवदाला' झाला. शब्दाचा अर्थच वेगळे करणे. वेणीसारखी गुंफलेली मेणबत्ती पेटली, द्राक्षरसाचा पेला भरला आणि सुगंधी मसाल्याची डबी हातोहात फिरली. शब्बाथ गेल्याने खिन्न झालेल्या जीवाला त्या वासाने धीर यावा, अशी श्रद्धा आहे. त्या दिवशी डबीत आम्ही घरून नेलेली लवंग व वेलदोडे होते. मेणबत्ती पेल्यातील रसात विझवली, आणि जाणाऱ्यांनी एकेक करून दोन शब्द सांगितले.

मैत्रिणींना नव्या शहरांत सिनेगॉग सापडेल. पुतणीची नोकरी ज्या लहान गावी आहे, तेथे ना देरासर, ना हिलेल. तिची पाळी आली तेव्हा तिने हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटले. संवत्सरीपर्यंत सगळ्या पांगलेल्या असतील, असेही सांगितले. त्यावर एकजण म्हणाली, "योम किप्पुरच्या आधी आम्हीही क्षमा मागतो. मी फोन करीन."

परतताना मी विचारले, "पाहुणी म्हणून इतके दिवस कसे गेले?"

"काका, पाहुणी पहिल्या शुक्रवारीच होते. दुसऱ्या शुक्रवारी मला भांडी पुसायला लावली."

उरलेली लवंग तिने तेथेच ठेवली.