गुरुवारची संते

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावात दर गुरुवारी बाजार भरतो. अगदी आपली संतेच! 'नवं चर्च' म्हणतात त्या जुन्या चर्चसमोरच्या चौकात भाजी, चीज, मासळी, कापड. फुलवाले कालव्याच्या काठी. फक्त भाव पाटीवर लिहिलेले, घासाघीस नाही.

इथं बहुतेकांना इंग्रजी येतं. त्यामुळे डचवाचून काही अडत नाही, पण ओळखही कुणाशी वाढत नाही. म्हणून मी ठरवलं, बाजारात डचच बोलायचं. सुरुवात आकड्यांपासून. कन्नडमध्ये 'इप्पत्तैदु', म्हणजे आधी वीस, मग पाच. मराठीत पंचवीस, आधी पाच, मग वीस. डच लोकही 'पाच आणि वीस' असंच म्हणतात. आपल्या मराठीच्याच वळणाचं! आईनं घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलत आम्हाला वाढवलं. ती शिदोरी अशी कामी आली.

पहिल्या पहिल्यांदा बटाटेवाल्या आजी माझं अडखळणं ऐकून चटकन इंग्रजीवर यायच्या. मी डच सोडलं नाही. आता त्याही डचमध्येच बोलतात, पिशवी भरता भरता खुशाली विचारतात. यजमान सोडले तर या गावात मला नावानं हाक मारणाऱ्या त्या एकट्याच.