लाया : एका हाकेची व्युत्पत्ती

साल्व्हादोर एस्प्रिउ या कातालान लेखकाच्या १९३२ सालच्या कादंबरीचे शीर्षक 'लाया' असे आहे. दोन अक्षरांचे हे स्त्रीनाम आम्हांला प्रथम भेटले ते तिथे. आणि त्याचा माग काढता काढता आम्ही आपल्याच अंगणात येऊन पोचलो, असे म्हणावयास हरकत नाही.

'लाया' हे 'एउलालिया'चे लघुरूप. मूळ ग्रीक : 'एउ' म्हणजे चांगले, 'लालेइन' म्हणजे बोलणे. हा 'एउ' आणि संस्कृत 'सु' ही एकाच मुळाची भावंडे मानली जातात. म्हणजे आपल्याकडची सुभाषिणी ही लायाची अर्थाने सख्खी, शब्दाने निम्मी बहीण. फरक आहे तो लाडाच्या रीतीत. मराठी माणूस बहुधा नावाचा आरंभ धरतो : विठ्ठलाचा विठू, पांडुरंगाचा पांडू. कातालान माणूस बहुधा शेवट धरतो : फ्रान्सेस्कचा सेस्क, एलिझाबेतची बेत, एउलालियाची लाया.

बार्सिलोनाच्या परंपरेनुसार संत एउलालिया ही तेरा वर्षांची मुलगी. सम्राट डायोक्लिशनच्या काळी झालेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात तिने श्रद्धा सोडली नाही आणि प्राण दिले. तिच्या वयाची आठवण म्हणून तेथील कॅथेड्रलच्या प्रांगणात आजही १३ पांढरे कलहंस पाळले जातात. मेरिदा या गावाचीही अशीच एक एउलालिया आहे. दोघी मुळात एकच असाव्यात, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला त्याहून मोलाची गोष्ट ही, की मेरिदाच्या एउलालियावर सुमारे ८८० साली रचलेले २९ ओळींचे गीत ही फ्रेंच भाषेतील उपलब्ध सर्वांत जुनी साहित्यकृती होय. लॅटिनचे बोट सोडून एक लोकभाषा बोलू लागली, ती 'चांगले बोलणारी'चे नाव घेऊन.

याच नावाच्या वाट्याला पुढे विपरीत काळ आला. फ्रँकोच्या राजवटीत, १९३८पासून, नागरी नोंदवहीत नावांची कास्तिली रूपेच मान्य होती. घरातला जोर्दी कागदावर होर्खे झाला. घरातली लाया कागदावर एउलालियाच राहिली. लोकभाषेतले नाव नोंदवण्याची मुभा कायद्याने मिळाली ती १९७७ साली. पुढे, या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत, कातालोनियातील नवजात मुलींच्या आघाडीच्या नावांत 'लाया' दिसू लागले.

येथे आम्हांला एक गोष्ट विचार करण्याजोगी वाटते. आपण नावाचा अर्थ कोशात शोधतो. 'एउलालिया' आणि 'लाया' यांचा कोशातला अर्थ एकच. मग आईबापांनी नोंदवहीत लघुरूपच का लिहावे? कारण मोठे नाव ग्रीक, लॅटिन, कास्तिली अशा सर्वांचेच होते. स्वयंपाकघरातून अंगणात मारलेली हाक मात्र कातालान होती; आणि कागदावर त्यांना उतरवायची होती ती ही हाकच.